खटका वाजणारा टोस्टर

मंगळवारी सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी ऑपरेटरबाईंनी ब्रेडचे पहिले दोन तुकडे टोस्टरमध्ये सोडले आणि खटका खाली दाबला. खटका वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, तो पुन्हा वर आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो अंगठ्याने धरूनच ठेवला आणि दुसऱ्या हाताचा पंजा टोस्टरच्या तोंडावर धरला. ऊब नाही. तारा तापताना होणारी ती बारीक तडतडही नाही.

ओट्यावर चार बशा मांडलेल्या होत्या. लोणी मऊ पडावं म्हणून आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं होतं. सुनेचा डबा झाकण उघडून वाट बघत होता. सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं सकाळी लवकर रांग लावतात, म्हणून ती सव्वासहाला घर सोडते.

बाईंनी टोस्टरचा प्लग काढला आणि त्याच जागी रेडिओ लावला. रेडिओवरचा माणूस लगेच हवामान सांगायला लागला. म्हणजे वीज होती. बिघाड टोस्टरमध्येच होता.

"काय झालं गं?" दारातून मुलाचा आवाज आला. मुलगा एरवी सातच्या आत उठत नाही.

"तू कसा उठलास?"

"झोप नाही लागली. काय झालं?"

"टोस्टर बंद पडलाय. काल तर चांगला होता."

"गेला असेल. जुना होता आई, किती दिवस चालणार? जाऊ दे आता. मी कॉर्नफ्लेक्स आणलेत, कपाटात आहेत."

सून आली, तिने ब्रेडला तसंच लोणी फासलं, उभ्या उभ्या खाल्लं आणि गेली. तिला उशीर होत होता. बाईंनी दोन कच्चे तुकडे टोस्टरमधून काढून पुन्हा पाकिटात घातले. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं यंत्र दुकानदाराने गळ्यात मारलं होतं, ते असं न सांगता सवरता मरतं म्हणजे काय, असं त्या रेडिओला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या.

त्यांना ऑपरेटरबाई म्हणतात ते उगीच नाही. विशीच्या आत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा फळा, हातात दोऱ्या. या गावचं माणूस त्या गावच्या माणसाशी बोलायचं ते बाईंच्या हातून. पुढे ते फळे गेले, दोऱ्या गेल्या, बाईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. आवाज मात्र शाबूत राहिला. तो चढत नाही, पण पोचतो. इमारतीच्या खालच्या दारात कोणी सायकल आडवी लावली की बाई वरच्या गॅलरीतून एकदाच बोलतात आणि सायकल हलते.

डोळे गेले ते मधोमध. बाजूचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. चेहरा बघायचा असेल तर मान वळवून तिरकं बघावं लागतं. त्यामुळे निम्म्या इमारतीचा समज आहे की बाई आपल्याकडे रागाने बघतात. उरलेल्या निम्म्या लोकांकडे त्या खरोखरच रागाने बघतात.

डॉक्टरांनी सांगितलं, हे आता एवढंच राहील, बरं होणार नाही. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या वस्तू एकेक करून बाईंच्या हातून गेल्या. आधी गॅस. "आई, तू गॅसला हात लावू नकोस हं, मला ऑफिसात धाकधूक होते." मग मोठी सुरी. मग इस्त्री. प्रत्येक वेळी मुलगा गोड बोलला आणि प्रत्येक वेळी त्याचं कारण खरं होतं. खऱ्या कारणाशी भांडता येत नाही, हा बाईंचा मोठाच जाच होता.

राहिला टोस्टर. तो त्यांचा होता. बटणावरचे आकडे कधीच पुसले गेले होते, पण बटण फिरवताना प्रत्येक आकड्याला बोटाला एक टक लागायची. सुनेला दोन टक, म्हणजे जेमतेम रंग चढलेला. कॉलेजात जाणाऱ्या नातीला तीन. मुलाला पाच, जवळजवळ करपलेला. लहानपणापासून त्याला तो तसाच लागतो. खमंग वास करपटाकडे झुकायला लागला की नाकाला कळायचं, आणि खटका सुटल्याचा आवाज तर आतल्या खोलीतही यायचा. पहिले दोन तुकडे सुनेचे, शेवटचे दोन स्वतःचे. त्यानंतर दिवसभर बाईंना घरात काही काम नव्हतं. त्यांनी केलं नाही तर अडेल असं तेवढंच एक होतं, आणि ते सकाळी साडेसातला संपायचं.

महिन्यापूर्वी एकदा धूर झाला होता. बेकरीतून न कापलेला पाव आला, नातीने तो जाड कापला, तुकडा आत अडकला आणि खटका सुटूनही वर येईना. बाईंनी आधी प्लग ओढला, मग तुकडा उपसला. अंगठ्याला फोड आला. धूर स्वयंपाकघराबाहेर गेला नाही. मुलगा धावत आला, खिडक्या उघडल्या, फोडावर मलम लावलं आणि एक शब्द बोलला नाही. तो विमा कंपनीत आहे, आगीचे दावे तपासतो. जळलेल्या घरांचे फोटो बघणं हे त्याचं रोजचं काम. त्याने काही न बोलणं हा बाईंना समजूतदारपणा वाटला होता. त्यांचा अंदाज चुकला होता, हे कळायला महिना लागला.

टोस्टर बंद पडल्यावर बुधवार गेला, गुरुवार आला. सून थंड ब्रेड खाऊन गेली की मागे तीन वाट्या आणि दूध.

"हे काय खायचं? पुठ्ठा भिजवल्यासारखं लागतंय."

"आजी, सगळे हेच खातात," नात म्हणाली.

"सगळ्यांना दात आहेत आणि चव नाही. मला उलटं आहे. नवा टोस्टर कधी आणतोस रे?"

"बघतो," मुलगा म्हणाला.

"काय बघतोस? बघायचं काम मला जमत नाही, तुला तर जमतं."

गुरुवारी संध्याकाळी त्याने बघितलं. फोन आईच्या डोळ्यांसमोर धरला, मग आठवण होऊन बाजूला धरला. "हा बघ. याला खटकाच नाही. काच आहे, काचेवर बोट लावलं की झालं. आणि मुख्य म्हणजे फोनवरून चालतो. म्हणजे तू तुकडे आत ठेवायचे, मी खोलीतून चालू करीन, मीच बंद करीन."

"आणि मी?"

"तू काढून घ्यायचे."

"म्हणजे टोस्ट तू भाजणार आणि मी बशी धरून उभी राहणार. तुझी आई आहे मी, वाढपी नाही. काचेवर कुठे बोट लावायचं ते मला दिसणार आहे का? गुळगुळीत काच! आंधळ्याच्या हातात आरसा देतोयस तू."

"मग राहू दे ना आई. टोस्टशिवाय काय अडलंय?"

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे तिरकं बघितलं. त्यांना त्याचा चेहरा दिसला आणि तो चेहरा दुसरीकडे वळला. हेही त्यांना नंतर आठवलं.

शनिवारी सुनेला सुटी असते. बाईंनी सकाळीच बूट घातले, जुना टोस्टर कापडी पिशवीत घातला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, तो मेलेला टोस्टर कशाला घेताय?"

"नमुना म्हणून. कापड घ्यायला जाताना जुना तुकडा नेत नाहीस का? मला याच्यासारखाच खटका हवाय, याच्यासारखीच टक हवीय. शब्दांनी सांगता येत नाही ते."

"बरं चला. पण तिथे भांडायचं नाही हं."

"मी कशाला भांडते?"

"हेच तर मला नेहमी कळत नाही," सून म्हणाली.

विजेच्या सामानाचं दुकान मोठं, काचेच्या दारांचं. दारातच गाण्यांचा दणदणाट. टोस्टर दुसऱ्या मजल्यावर, एका लांब फळीवर ओळीने मांडलेले. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला विक्रेता पुढे आला आणि सुनेला म्हणाला, "बोला मॅडम. आजींना काय दाखवू?"

"आजींना विचार," बाई म्हणाल्या. "आजी इथेच उभी आहे."

"सॉरी आजी."

"आणि मी तुझी आजी नाही. गिऱ्हाईक आहे. मला असा टोस्टर हवा की ज्याला खाली दाबायचा खटका आहे. बटण फिरवताना प्रत्येक आकड्याला टक लागली पाहिजे, नुसतं गोल गोल फिरणारं नको. झाल्यावर आवाज आला पाहिजे. आणि तुकडा इतका वर आला पाहिजे की आत बोट घालावं लागणार नाही."

"हा घ्या, आमचा सगळ्यात जास्त खपणारा. सात रंगांत येतो."

"मला रंग दिसत नाहीत."

"मग हा. याला निळा दिवा लागतो, झालं की हिरवा होतो."

सुनेने कपाळाला हात लावला. "बाळा," त्या म्हणाल्या, आणि एक्स्चेंजमधला तो आवाज गाण्यांच्या वरून गेला, "मी तुला रंग दिसत नाहीत म्हटलं. तू मला दिवा दाखवतोस. उद्या बहिऱ्याला काय, रेडिओ विकशील?"

शेजारी मिक्सर बघणारं एक जोडपं हातातलं झाकण ठेवून इकडे बघायला लागलं.

बाई फळीवरच्या प्रत्येक टोस्टरवरून हात फिरवत निघाल्या. एकाचं बटण गुळगुळीत फिरलं, पुढे. एकाचं अंग इतकं पातळ की बोटाने दबलं, पुढे. एकाला खाली चुऱ्याची ताटलीच नव्हती, "चुरा काय आयुष्यभर आतच ठेवायचा?", पुढे. पाचव्या की सहाव्याला बटण टक टक करत फिरलं. बाई थांबल्या. खटका दाबला. खटका वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर.

"हाही मेलाय?"

"नाही हो, वीज नाहीये त्याला. वीज असल्याशिवाय आतलं चुंबक खटका धरत नाही."

"मग दे वीज."

"डिस्प्लेला वीज देत नाही. हे प्लग नुसते दिसायला लावलेत."

"म्हणजे चालतो की नाही ते मी घरी जाऊन बघायचं? चपला घेताना पायात घालून बघतो ना? की चप्पल घरी न्यायची आणि बसली नाही तर पाय कापायचे?"

"पॉलिसी आहे आजी... म्हणजे मॅडम."

"ज्याने ही पॉलिसी केली त्याला बोलव. तो येईपर्यंत मी इथेच उभी आहे. माझं काही अडलेलं नाही, मला घरी पुठ्ठाच खायचाय."

सून हळूच म्हणाली, "आई, भांडणार नव्हतात ना?"

"मी भांडत नाहीये. मी खरेदी करतेय."

पॉलिसी करणारा आला नाही, पण विक्रेत्याला कोणीतरी लांबून हात केला आणि त्याने दोघींना खालच्या मजल्यावर दुरुस्तीच्या काउंटरवर नेलं. तिथे वीज होती, गाणी नव्हती. काउंटरमागे एक तरुण बाई केस मागे बांधून बिघडलेल्या केटल्या उघडत बसली होती. तिने नवा टोस्टर प्लगला लावला. बाईंनी खटका दाबला. खट्ट. तो खालीच राहिला. थोड्या वेळाने आतून ऊब आली, तारा तडतडल्या आणि मग खटका असा सुटला की सून दचकली.

"हा," बाई म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "आता माझाही शेजारी लाव बरं. टक सारखीच लागते का बघायचीय. तो चालत नाही, पण बटण फिरेल."

दुरुस्तीवालीने पिशवीतून जुना टोस्टर काढला, सवयीने आधी प्लग हातात घेतला आणि हलवला. प्लगमध्ये काहीतरी सैल वाजलं. तिने स्क्रू काढून झाकण उघडलं.

"काकू, हा बिघडला कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? तापत नाही."

"तापणार कसा? वायर जोडलेलीच नाही. पिनेपासून सोडवलीय."

"सुटली असेल," सून म्हणाली.

"सुटलेली अशी दिसत नाही. सुटलेल्या वायरचं टोक काळं पडतं, विस्कटतं. ही नीट सोडवलीय, टोक आत वळवलंय आणि वरून टेप लावलीय. कुणीतरी फार काळजीने केलंय. टोस्टरला काही झालेलं नाही, काकू. कुणीतरी तो बंद केलाय."

दुकानात वर गाणी चालूच होती.

मग ऑपरेटरबाई सुनेकडे वळल्या. "तू," त्या म्हणाल्या. "तुला सकाळी घाई असते, माझ्या टोस्टची अडगळ होते ओट्यावर. सरळ सांगायचं होतंस. मी तुझ्यासाठी पाच वाजता उठते, लोणी काढून ठेवते, आणि तू माझ्या पाठीमागे वायरी तोडतेस?"

"मी?" सुनेचा आवाज असा चढला की केटली घेऊन आलेलं गिऱ्हाईक मागे सरकलं. "आई, चार दिवस मी थंड ब्रेड खाऊन जातेय! रोज माणसांना सुया टोचते मी, तुमच्या हातचा टोस्ट खाल्ल्याशिवाय माझा हात स्थिर राहत नाही हे मी सगळ्या लॅबमध्ये सांगत असते. आणि घरात स्क्रू ड्रायव्हर कुठे असतो हे मला आजवर माहीत नाही. विचारा कोणालाही. आज माझी सुटी आहे, ती मी तुमच्या टोस्टरसाठी घालवतेय, आणि तुम्ही मला चोर म्हणता? ते पण चारचौघांत?"

बाईंनी हात पुढे केला आणि उघडा प्लग मागून घेतला. वायरीच्या टोकावरची टेप त्यांनी बोटाने चाचपली. टेपचं शेवटचं टोक चिकटवलेलं नव्हतं. ते जरासं दुमडून मोकळं ठेवलेलं होतं, पुढच्या वेळी नख न लावता धरून ओढता यावं म्हणून.

त्यांच्या घरातल्या प्रत्येक टेपचं टोक असं दुमडलेलं असतं. औषधाच्या खोक्यावरच्या, पार्सलच्या, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेल्या. ही एक्स्चेंजमधली सवय. तिथे नादुरुस्त दोरीला टेप लावून ठेवायची आणि टोक दुमडायचं, म्हणजे दुरुस्ती झाली की पुढच्या पाळीच्या मुलीला पटकन काढता येते. बाईंनी ती घरी आणली होती. घरात ती एकाच माणसाने उचलली. शाळेच्या वह्यांना कव्हर घालताना.

बाईंनी प्लग सुनेच्या हातात दिला. सुनेने टोक बघितलं आणि तिलाही कळलं.

"चूक झाली माझी," बाई म्हणाल्या. "तू नाहीस. तुझा नवरा आहे."

"माझा नवरा नंतर झाला. आधी तुमचा मुलगा."

"कॉर्नफ्लेक्स त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवले होते."

"आणि मंगळवारी पहाटे उठून दारात उभा होता. मी म्हटलं, याला काय झालं?"

"टोस्टर मेलाय हे मला कळतं का ते बघायला उठला होता."

दुरुस्तीवालीने मधल्या वेळात वायर पुन्हा पिनेला लावून झाकण बसवलं होतं. जुना टोस्टर तापायला लागला. "झाला, काकू. आता नवा घ्यायचं कारण नाही."

बाईंनी दोन्ही खटके एकामागून एक दाबून बघितले. जुन्यात तुकडा तोंडापर्यंतच यायचा, हे बोटांना ठाऊक होतं. नव्यातली तुकडा उचलणारी पट्टी बोटभर वर येत होती, आणि सुटल्यावरही खटका हाताने आणखी वर उचलता येत होता, म्हणजे जाड तुकडा अडकला तरी उपसायला आत बोट घालायला नको. अंगठ्यावरचा फोड कशामुळे आला होता हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्या दिवशी मुलाने तोंड उघडून एवढंच म्हटलं असतं, की आई, याचा तुकडा वर येत नाही, आपण दुसरा बघू, तर त्याच आठवड्यात त्या या काउंटरवर आल्या असत्या.

"दोन्ही नेणार," त्या म्हणाल्या. "नवा बांधून दे. जुना पिशवीतच राहू दे."

मुलगा घरी सोफ्यावर बसून सामना बघत होता. बाईंनी टीव्हीसमोरच्या टेबलावर आधी नवं खोकं ठेवलं. मग त्याच्या शेजारी पिशवीतून काढून जुना टोस्टर ठेवला. मग त्याचा प्लग भिंतीत लावून खटका दाबला. खट्ट. जुना टोस्टर तापायला लागला.

मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला.

"चालायला लागला वाटतं," तो म्हणाला.

"लाजही वाटत नाही बोलायला," सून म्हणाली. "दुकानात चोर मी ठरले, तुझ्यापायी."

"थांब," बाई तिला म्हणाल्या. "आधी मी. नंतर तू. माझं फार नाहीये." त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मान वळवून, मुलगा नीट दिसेल अशा कोनात, त्याच्याकडे बघत राहिल्या. "का केलंस?"

"आई, मी रोज काय बघतो तुला माहीत नाही. काळ्या भिंती, वितळलेले पंखे. सगळ्यांच्या घरी आग अशीच लागते, एवढ्याशा गोष्टीनं. त्या दिवशी धूर बघितला आणि... मला झोप लागत नव्हती."

"त्या दिवशी प्लग कोणी काढला?"

"तू."

"घर जळलं?"

"नाही. पण पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळेचं बोलायला तोंड नव्हतं तुला? पहिल्या तिन्ही वेळी होतं. गॅस म्हणालास, दिला. सुरी म्हणालास, दिली. इस्त्री दिली. सगळं दिलं ना?"

"म्हणूनच," मुलगा म्हणाला. तो आता आईकडे बघत नव्हता. "चौथ्यांदा मागायला तोंडच झालं नाही. आणि मागितला असता तर दिला असतास का?"

"नाही. भांडले असते."

"बघ!"

"काय बघ? भांडले असते, कदाचित जिंकले असते, कदाचित हरले असते. पण भांडायला तरी मिळालं असतं. तू मला ते भांडणसुद्धा दिलं नाहीस. मी मंगळवारपासून त्या यंत्राला शिव्या घालतेय. त्याच्या दुकानदाराला शिव्या घालतेय. आज या पोरीला चारचौघांत बोलले. आणि तू शेजारी बसून वाटीतला पुठ्ठा खात होतास."

मुलाने रिमोट टेबलावर ठेवला.

"मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी तोडल्या," बाई म्हणाल्या. "कामच होतं ते. वेळ संपली की तोडायची. पण कधी न सांगता तोडली नाही. आधी मध्ये बोलायचं, तुमची तीन मिनिटं होत आलीत, आवरतं घ्या. पलीकडे कोणी रडत असलं तरी सांगायचं, शिव्या घालत असलं तरी सांगायचं. ओळखपाळख नसलेल्या माणसांना मी सांगून तोडत होते. आणि तू माझी न सांगता तोडलीस. वर टेप लावलीस. टोक दुमडलंस! ते तरी माझं घ्यायचं नव्हतंस."

टोस्टरचा खटका सुटला. तिघांनीही तिकडे बघितलं. आत काहीच नव्हतं.

"बरं," मुलगा शेवटी म्हणाला. "चुकलं माझं. आता काय करू?"

"आता माझी तीन मिनिटं संपली. हिचं ऐक."

सुनेचं बोलणं सामना संपेपर्यंत चाललं. बाईंनी त्यात एका शब्दाची भर घातली नाही. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नवं खोकं उघडलं, टोस्टर रिकामाच दोनदा तापवून नव्या यंत्राचा वास घालवला, चुऱ्याची ताटली ओढून आणि बसवून बघितली आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टका पाठ केल्या. सुनेचं दोनच राहिलं. नातीला तीनऐवजी चार लागतील असा त्यांचा अंदाज झाला.

जुना टोस्टर त्यांनी ओट्यावर ठेवला नाही. तो वॉशिंग मशीनवर गेला, खिडकीजवळ. तिथे एक प्लग आहे.

"तिथे कशाला?" मुलाने विचारलं.

"तो तुझा. तुला वायरीतलं कळतं. तुझा टोस्ट तू भाजून घेत जा."

"किती दिवस?"

"बंद करायच्या आधी सांगीन."

"आई, मला पाचवर भाजता येत नाही गं. एकतर कच्चा राहतो नाहीतर जळतो."

"जळला तर दावा कर," सून म्हणाली.

उद्या रविवार आहे. प्रयोगशाळा रविवारीही उघडते आणि सुनेची सकाळची पाळी आहे, म्हणून ऑपरेटरबाई पाच वाजून पन्नास मिनिटांनी नवा टोस्टर लावतील, बटण दोन टकांवर. ओट्यावर तीन बशा असतील. चौथी वॉशिंग मशीनवर, रिकामी.